तात्या, या खेपेचं मत राहणार

पुणे,
8 नोव्हेंबर 2024

ती. आई आणि तात्या यांस साष्टांग नमस्कार.

तात्या, काल तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. तुमचं ते "बरं" मला चांगलं कळतं. रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून लिहायला बसले.

तात्या, तुमचं हृदयाचं ऑपरेशन सोमवारी, 18 तारखेलाच होणार. विधानसभेचं मतदान बुधवारी, 20 ला. तारीख मी तुम्हाला न विचारता पक्की केली आणि पैसेही भरले. आठ दिवस पुढे ढकलता येईल का, हे मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी तुमच्या अँजिओग्राफीचं चित्र माझ्यासमोर धरलं. तीन ठिकाणी रस्ता बंद आहे, तात्या. थांबायची जबाबदारी ते घेत नाहीत आणि माझ्यातही ती हिंमत नाही. घरून मतदान होतं का, तेही विचारून पाहिलं. ती सोय 85 वर्षांपुढच्यांना आणि अपंगांना आहे, तुम्ही 74 चे. दवाखान्यात पडून मत देता येत नाही.

तुम्ही काय म्हणणार ते मला पाठ आहे. 192. आपले आबा, सांगोल्याचे लाल बावट्याचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख, 1995 ला विधानसभेला 192 मतांनी पडले. मी तेव्हा चौथीत होते. मतमोजणीहून तुम्ही आलात आणि उंबऱ्यावरच बसलात. आईने पुढे ठेवलेली भाकरी तशीच वाळून गेली. आणि 2019 ला आबांच्या नातवाला 768 मतं कमी पडली तेव्हा तुम्ही मला काहीच बोलला नाहीत. पण माझं नाव इथल्या यादीत आणलेलं तुम्हाला आवडलं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. एक मत म्हणजे काय, हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको.

तुमचं पहिलं मत 1972 चं. दुष्काळाचं साल, खडी फोडून आलेल्या हातांनी दिलेलं, आणि तेव्हाही आबा पडले. दोन वर्षांनी पोटनिवडणुकीत आले तेव्हा गुलाल धुवायला घरात पाणी नव्हतं, हे तुम्ही सांगायचात. 1962 पासून 2014 पर्यंत अकरा वेळा निवडून आले, दोनदा मंत्री झाले, तरी माणूस एसटीनेच फिरला. मला शाळेत सोडायला निघालेले तुम्ही स्टँडवर त्यांना बघून थांबलात, चपला नीट केल्यात, मला पुढे केलंत. त्यांनी विचारलं, कितवीत आहेस. एवढंच. पण घरी येईपर्यंत तुम्ही माझा हात सोडला नव्हता. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात सूतगिरणी उभी राहते, आणि आटपाडीच्या पाणी परिषदेला भाकरी बांधून गेलेल्या माणसांच्या शिवारात टेंभू-म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी येतं, हे मी तुमच्या तोंडून ऐकत मोठी झाले. तुमच्यासाठी हे मत काय आहे, हे न कळता मी तारीख घेतली असं कृपा करून समजू नका.

एक सांगू? 2019 ला आबांनी स्वतःच निवडणुकीला उभं न राहता थांबायचं ठरवलं. शरीर ऐकत नव्हतं. त्यांनी लाल बावटा सोडला, असं कुणी म्हणालं का? तुम्हीच तेव्हा म्हणालात की आबांनी आता विश्रांती घ्यावी. मग तेच मी तुम्हाला म्हटलं तर?

आई, तुझं मत चुकू द्यायचं नाही, तेही मी ठरवलंय. 19 ला रात्री भाऊ तुला गावाकडे नेईल, 20 ला सकाळी सातला रांगेत उभी राहा, दुपारच्या आत तू परत इथे. दोन दिवस मी तात्यांच्या उशाशी आहे, रजा मंजूर झाली आहे. तुला त्यांना सोडून जाववणार नाही. पण घरातलं निदान एक मत पडू दे. त्यांना भूल उतरल्यावर पहिला प्रश्न तोच असेल.

इथली काळजी नको. खोली गॅलरीच्या बाजूची दिली आहे, सकाळी दहापर्यंत ऊन असतं. संडास खुर्चीचा आहे, गुडघ्यांना त्रास नाही. बाजरीचं पीठ दळून ठेवलंय, ज्वारी मात्र आपलीच आण, इथली गोड नसते. सोलापूरचा पेपर मिळतो, एक दिवस उशिरा. म्हशीचं काकांनी आपणहून अंगावर घेतलंय. डाळिंबाच्या फवारण्या भाऊ बघेल, त्याला वही दाखवून ठेवा.

आता ऐका. शुक्रवारी, 15 ला सकाळी सातला गाडी दारात येईल, एसटीने निघायचं नाही. तोवर एकही सभा नाही, प्रचारफेरी नाही, पारावर बसून वाद नाही. रक्त पातळ करायची गोळी चिठ्ठीत लिहिल्या दिवशीच बंद करायची, आपल्या मनाने नाही. तंबाखूची डबी, आई, तू काढून घे आणि कुठे ठेवलीस ते मलाही सांगू नकोस. आधीचे सगळे कागद त्या निळ्या पिशवीत. चष्मा विसरू नका.

तात्या, मी रागावून बोलत नाही. लहानपणी ताप आला की तुम्ही माझे पाय छातीशी धरून बसायचात. त्या छातीवर आता टाके पडणार म्हणून माझा जीव थाऱ्यावर नाही.

23 ला मोजणी आहे. तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे फेऱ्यांचे आकडे लिहायचात, तसे मी लिहून ठेवीन, प्रत्येक फेरीचे. डॉक्टर हो म्हणाले की लगेच दाखवीन. आकडे कसेही असले तरी लपवणार नाही. पेन्सिल तुमचीच घेऊन या, त्या जुन्या कॅलेंडरसकट.

तुमची,
ताई

ता. क. आई, मतदानाचं ओळखपत्र देव्हाऱ्याखालच्या डब्यात आहे. आजच काढून ठेव.