टॅब्लेट मागवू नकोस

सोलापूर
रविवार, दुपार

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

टॅब्लेट मागवू नकोस. मागवला असशील तर आजच रद्द कर. फोनवर तू नेहमी मीटिंगच्या मधे असतोस, मी "बरं बरं" म्हणून ठेवून देते आणि तुला वाटतं आई तयार झाली. म्हणून हे लिहून पाठवतेय. घाईनं वाचू नकोस.

तुझं म्हणणं कळलं मला. आई आता पन्नाशी ओलांडलेली, जड काही उचलायला नको, हलकं, पातळ, बोटानं चालणारं काहीतरी तिला द्यावं. सोबत ब्लूटूथचा कीबोर्ड. मनात चांगलंच आहे तुझ्या. पण तू माझ्या वयाचा विचार केलास, माझ्या कामाचा केला नाहीस. मी काय करते ते बघ की आधी.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पेमेंटला एफ ५, पावतीला एफ ६, विक्रीला एफ ८, खरेदीला एफ ९, आणि नोंद झाली की कंट्रोल-ए. माझी बोटं हे न बघता करतात. टॉवेलच्या कारखान्याची महिन्याची बिलं घेऊन बसले की माउसला हातही लागत नाही. टॅब्लेटच्या काचेवर एफ ८ कुठून आणू? आणि आणलाच कीबोर्डवरनं, तरी टॅली तिथं बसवता येत नाही, ते विंडोजवर चालणारं काम आहे. "क्लाउडवर घे, भाड्यानं मिळतं," असं तू म्हणालास. मिळतं की. दर महिन्याला भाडं भरायचं, आणि इथं आपल्याकडं नेट गेलं की हात चोळत बसायचं. माझ्या हिशेबाच्या वह्या माझ्या घरात असू देत.

दुसरं म्हणजे डिजिटल सहीचं टोकन. माझ्याकडचे बहुतेक मालक प्रोप्रायटर आहेत, म्हणजे एकट्याच्या नावावर धंदा, त्यांचं रिटर्न ओटीपीवर जातं. पण अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक कारखाना प्रायव्हेट लिमिटेड आहे, आणि कंपनीला जीएसटीच्या रिटर्नवर डिजिटल सही सक्तीची आहे. ती सही पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते. ते टोकन जुन्या चौकोनी यूएसबीत घालायचं, त्याचा ड्रायव्हर टाकायचा, सहीचं सॉफ्टवेअर चालू ठेवायचं, मग सही होते. टॅब्लेटला खाली एकच बारीक भोक. त्यातनं चार्जिंग करू का टोकन लावू? आणि लावलं तरी पुढचं काही चालत नाही. ११ तारखेला विक्रीचं रिटर्न जीएसटीआर-१ आणि २० तारखेला कर भरायचं ३-बी डोक्यावर असताना असले प्रयोग मला परवडत नाहीत.

नवी पेठेत जाऊन आले मी. दुकानातल्या पोरानं आधी टॅब्लेटच पुढं केला, "मॅडम, सिरियल बघायला एक नंबर." मी विचारलं, श्रीलिपीतली जुनी फाइल उघडेल का यावर? त्याला श्रीलिपी माहीतच नव्हती. बचत गटाचे सुरुवातीचे सगळे ठराव, हप्त्यांचे तक्ते मी त्याच फॉन्टमध्ये टाइप केलेत. ते युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर नीट दिसणारं मराठी, नव्हे, त्यामुळं तो फॉन्ट जिथं नाही तिथं नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. हळूहळू सगळं युनिकोडमध्ये घ्यायचंय, पण त्यासाठीही आधी दोन्ही चालणारं मशीन पाहिजे. नव्या विंडोजमध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आतच आलेला असतो म्हणे. आपल्या गटाच्या अध्यक्षा अक्का घरी तेलुगू बोलतात आणि मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, त्यांना तो बरा पडेल. मला थेट देवनागरी अक्षरांचा इनस्क्रिप्ट कीबोर्डच पाहिजे.

आता तुझ्या नेटबुकबद्दल, त्या जुन्या छोट्या लॅपटॉपबद्दल. त्याला तू फोनवर "भंगार" म्हणालास ते मला आवडलं नाही. २०११ च्या जूनमध्ये तुझ्या डिप्लोमासाठी घेतलं होतं, सोळा हजारांना. ॲटम प्रोसेसर, १ जीबी रॅम, दहा इंची स्क्रीन आणि विंडोज ७ स्टार्टर. त्या स्टार्टरमध्ये वॉलपेपर बदलता येत नाही म्हणून तू दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतंस, सचिनचा फोटो लावायचा होता ना. तू पुण्याला गेलास आणि ते माझ्याकडं आलं. त्यावरच मी टॅली शिकले, त्याच्यावर कमावलं. पुस्तकात त्याची किंमत किती उरली बघायची? आयकरात संगणकाला आधी ६० टक्के घसारा होता, २०१७ पासून ४० टक्के झाला. दरवर्षी घटत्या किमतीवर लावत गेलं की सोळा हजारांचा आता साधारण रुपया उरतो. रुपयाच्या मशीनवर मी अख्ख्या कारखान्याचा ताळेबंद काढते.

पण संपलंय ते, मलाही दिसतं. स्क्रीनची उंची ६०० पिक्सेल, त्यामुळं नव्या सॉफ्टवेअरची खिडकी उघडली की खालचं "ओके" बटण स्क्रीनच्या बाहेर जातं. मी अंदाजानं टॅब टॅब दाबून एंटर मारते. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये बंद झाले. क्रोमनंही १०९ नंबरच्या आवृत्तीनंतर विंडोज ७ ला सोडून दिलं. त्यामुळं बँकेचं आणि जीएसटीचं काही मी त्यावर करत नाही, रिटर्न भरायला सीए साहेबांच्या ऑफिसात जाऊन बसते. स्टार्टर ३२ बिटांचं, नव्या टॅली प्राइमची ६४ बिटांची आवृत्ती त्यावर बसत नाही, म्हणून मी अजून टॅलीच्याच जुन्या ईआरपी ९ वर. आणि बॅटरी तर केव्हाच गेली. लाइट गेली की मशीन धाडकन बंद. टॅलीत नोंद चालू असताना असं झालं की डेटा बिघडायची भीती असते. बॅटरी प्रवासात लागते असं तुम्हाला पुण्यात वाटत असेल, आम्हाला ती घरात बसून लागते.

म्हणून मी दुकानातली नवी स्वस्त मशीनंही बघितली. एक अगदी छान दिसत होतं, निळंशार, पातळ. सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबीचं ईएमएमसी स्टोरेज. मी त्या पोराला म्हटलं, विंडोज ११ ला कमीत कमी लागतं तेच ४ आणि ६४, म्हणजे पहिल्या दिवशीच घर भरलेलं. दोन अपडेट आले की जागा नाही. आणि रॅम, स्टोरेज दोन्ही मदरबोर्डवरच सोल्डर केलेलं, वाढवायची सोय नाही. हे तर आपलं नेटबुकच झालं की रे, नुसता रंग बदललेला. नेटबुकची रॅम तरी आपण खालचा स्क्रू काढून १ ची २ केली होती. तसलं मशीन मला फुकट दिलंस तरी नको.

गूगलच्या सिस्टिमवर चालणारं क्रोमबुकही दाखवलं, पण त्यावर टॅली नाही, विषय संपला. ज्याचा कीबोर्ड निघतो तसलंही एक होतं, हातात घेतल्यावर छान वाटलं, खोटं कशाला बोलू. पण कीबोर्डचे पैसे वेगळे, आणि ते मांडीवर ठेवलं की डुगडुगतं. कारखान्यात मला नेहमी टेबल मिळतंच असं नाही, कधी गाठोड्यांवर बसून पण काम करते मी.

एक गोष्ट टॅब्लेटच्या बाजूनं सांगते, म्हणजे आई उगाच हट्ट करते असं म्हणू नकोस. टॅब्लेटला पंखा नसतो. टॉवेलच्या कारखान्यात हवेत सुताचं तूस उडत असतं, आणि लॅपटॉपचा पंखा ते सगळं आत ओढतो. नेटबुकचा पंखा एकदा उघडला तेव्हा आत बोटभर जाडीचा थर निघाला होता. त्यामुळं लॅपटॉप घेतला तर दरवर्षी उन्हाळ्याच्या आधी उघडून साफ करायला द्यायचा, हे मी मनाशी धरलंय. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, त्यात पत्र्याचं छत आणि कोंडलेला पंखा. मग ते तापणारच.

शेवटी काय ठरवलं ते सांगते. नवीन नको, वापरलेला पण कंपन्यांमधला घ्यायचा. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉप बदलतात, ते दुरुस्त करून विकायला येतात, पुण्यात तर भरपूर. मी थिंकपॅड टी ४८० वर बोट ठेवलंय. २०१८ चं मॉडेल, चौदा इंची, आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर. आठव्या पिढीच्या खालचं बघूच नकोस, विंडोज ११ अधिकृतपणे तिथूनच चालतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. रॅमचे दोन स्लॉट आहेत, पुढं वाढवता येते. चौकोनी यूएसबी दोन आहेत, म्हणजे एकात टोकन आणि एकात पेनड्राइव्ह. आणि मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे त्याच्या मागची बॅटरी खटका सरकवून निघते, आत आणखी एक बॅटरी असते, त्यामुळं चालू असतानाही मागची बदलता येते. नुसतं "टी ४८०" बघ, "टी ४८० एस" नको, तो पातळ आहे पण त्याची काही रॅम सोल्डर केलेली असते आणि बॅटरी बाहेरून निघत नाही. दुकानदार दोन्ही एकच म्हणून सांगेल.

वजन नेटबुकपेक्षा जास्त आहे, माहीत आहे मला. रिक्षानं जाते मी, डोक्यावर घेऊन नाही.

घेताना तू स्वतः जाऊन बघ, फोटोवर विश्वास ठेवू नकोस. एफ १ ते एफ १२ प्रत्येक बटण दाबून बघ. त्या ओळीवर आवाजाची, उजेडाची चित्रं असतात, तिथं एफएन लॉक लावून द्यायला सांग, नाहीतर एफ ८ दाबलं की भलतंच काहीतरी व्हायचं. बायोसला, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगला, आधीच्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला नाही ना, ते बघ. बॅटरीचा रिपोर्ट काढ, मूळ क्षमता किती आणि आता भरते किती हे त्यात लिहून येतं. निम्म्यावर असेल तर बॅटरीचे पैसे कमी करून घे, नवी टाकू. रॅम ८ जीबी आणि एसएसडी २५६ जीबी मला पुरते. सोळा जीबी घे म्हणून दुकानदार गळ घालेल, मला काय त्यावर सिनेमा कापायचाय? बिजागरी घट्ट असावी. झाकणावर ओरखडे असले तर असू देत, त्याचेच पैसे कमी होतात.

स्क्रीन मात्र चकचकीत नको. दुपारी दारातनं ऊन येतं आणि त्यात माझा चष्माच दिसतो. अक्षरं मोठी करून दे, १२५ का १५० टक्के ते मी बसून ठरवेन. आकड्यांचा वेगळा कीपॅड या मॉडेलला नाही, तो यूएसबीचा मी इथंच घेईन, पाच-सातशेत येतो.

पक्कं बिल घे, माझ्या नावावर. माझी जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळं भरलेला कर वळता करून घ्यायचा, क्रेडिटचा, प्रश्न नाही, नव्या लॅपटॉपवर १८ टक्के सरळ अंगावर पडले असते. वापरलेल्या मालावर मार्जिन योजनेत व्यापाऱ्याला फक्त त्याच्या खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरायचा असतो. त्यानं पूर्ण किमतीवर १८ टक्के लावून सांगितले तर विचार त्याला, कुठल्या हिशेबानं? माझा नंबर दे हवा तर.

पैसे निम्मे माझे. यावर वाद नको. माझ्या धंद्याचं हत्यार आहे ते. तुझे निम्मे दिवाळीची ओवाळणी समजून घेते.

बाबांना टॅब्लेट आवडला असता, हे खरं. दुकानात माझ्याबरोबर आले होते आणि सगळा वेळ त्यावर सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे व्हिडिओ बघत बसले. त्यांना द्यायचा असेल तर त्यांच्या वाढदिवसाला दे, माझ्या नावावर खपवू नकोस.

हुतात्मा एक्स्प्रेसनं शनिवारी येणार असशील तर आधी कळव. जेवणाचं बघते.

तुझी
आई

ता. क. नेटबुक लगेच कुणाला देऊन टाकायचं नाही. त्यावरनं टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करावं, म्हणजे सोडून द्यावं, लागेल, मगच नव्यावर चालू होईल. ते बंद पडायच्या आत करायला पाहिजे, म्हणून लॅपटॉप घेऊनच ये, "पुढच्या महिन्यात बघू" नको. नंतर त्याची हार्ड डिस्क काढून घेऊ. तिला यूएसबीची केस मिळते, बॅकअपची एक जास्तीची प्रत त्यावर ठेवीन. एकटीवर भरवसा ठेवण्याइतकी ती तरुण नाही, त्यामुळं पेनड्राइव्ह आहेच.