काच बदलताना प्रकार बिलावर लिहायला लावा

प्रति,
मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

वेग आणि वळणाची खूण थेट समोरच्या काचेवर दाखवणाऱ्या हेड-अप डिस्प्लेबद्दल हे पत्र आहे. काही गाड्यांत डॅशबोर्डवर छोटी पारदर्शक पट्टी उभी राहते. तिच्याबद्दल तक्रार नाही.

समोरची काच म्हणजे दोन काचा आणि मधे दाबलेला पीव्हीबी या पारदर्शक प्लास्टिकचा थर. प्रकाश आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही पृष्ठभागांवरून परततो, त्यामुळे साध्या काचेत आकडा दुहेरी दिसतो. डिस्प्लेसाठी बनवलेल्या काचेत हा थर पाचरीसारखा असतो, वर किंचित जाड. फरक डोळ्याला कळत नाही, पण त्यामुळेच दोन्ही प्रतिमा एकावर एक बसतात. खडी उडून काच फुटली आणि स्वस्तात साधी बसवली की ८० च्या मागे दुसरा ८० उभा! मग काचेवर आकडा पाडणारा डॅशबोर्डमधला प्रोजेक्टर उघडला जातो, खरं तर दोष काचेचा. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. खरा आकडा कोणता ते शोधत बसायला तिथे सवड नसते.

बाजारात मिळणारी, वरून बसवायची स्वस्त हेड-अप यंत्रं काचेवर चमकदार फिल्म चिकटवायला सांगतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १०० प्रमाणे समोरच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. हिरवट झाकेच्या काचेत आधीच फारशी सूट उरत नाही, त्यात ही फिल्म. शिवाय वेग जीपीएसवरून घेणारं यंत्र समृद्धी महामार्गाच्या इगतपुरीजवळच्या सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यात आंधळं होतं. नाशिकच्या द्वारका चौकात गाडी उड्डाणपुलावर आहे की खाली, हेही जीपीएसला नीट उमगत नाही. गाडीतला बिघाड तपासायच्या ओबीडी सॉकेटला जोडलेलं यंत्र निदान वेग तरी गाडीकडूनच घेतं.

केंद्राचा नियम बदला, असं आम्ही म्हणत नाही. परिपत्रक मात्र तुम्ही काढू शकता. काच बदलल्यावर बिलात 'डिस्प्लेची' की 'साधी' हे लिहिलेलं असावं. टुरिस्ट टॅक्सी पासिंगला आली की काचेवरची फिल्म काढायला लावावी. रात्री उजेड कमी न होणारं यंत्रही तिथेच बंद करायला लावावं. कसारा घाटात धुक्यात तेच आधी डोळ्यांत खुपतं. २०२७ च्या सिंहस्थाला बाहेरच्या टॅक्सी येतीलच, तेव्हा परिपत्रक त्याआधी निघावं.

आपले,
नाशिकमधील काच व ॲक्सेसरीज फिटर