सुमे, बेबीने मला कादंबरी वाचायला दिली

अमळनेर

प्रिय सुमे,

दिवाळीपासून पत्र नाही म्हणून रुसली असशील. रुस, पण आधी हे वाच. इथे सगळे बरे, यांची शुगर आटोक्यात आहे.

मागे बेबी रावेरहून आली होती. केळीचा भाव, पोराची फी, सगळं बोलून झालं आणि निघताना पिशवीतून एक पुस्तक काढून हातात दिलं. "आक्का, आधी हे वाच, मग फोन कर." कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलेली हलकीफुलकी प्रेमकथा. नायिका ४२ ची, बेकरी चालवते; नायक ३१ चा. भांडतात, पावसात अडकतात, शेवटी लग्न. एका बैठकीत संपवली. पण एका पानाचा कोपरा दुमडलेला, आणि तिथे पेन्सिलीची रेघ: जेवण झाल्यावर तो तिचंही ताट घासायला घेतो.

काळजात धस्स झालं गं. हे मी बेबीच्या ओट्यावर पाहिलंय. ठिबकच्या नळ्या बघायला येतो ना, तो. भरीत अन् कळण्याची भाकरी खाऊन झाली की दोन्ही ताटं नळावर घासून पालथी घालतो. तो ३३ चा, आपली बेबी ४४ ची.

लोकांची मला भीती नाही. आप्पा आईपेक्षा १४ वर्षांनी मोठे होते, तेव्हा कुणी बोटं मोजली? शाळेत आपण देवलांच्या 'शारदे'तला प्रवेश केला होता, आठवतं? तू भुजंगनाथ, आणि तुझी कपाशीची दाढी शारदेच्या पदरालाच अडकली! आत्ताही हसू येतंय. ते नाटक १८९९ चं. कांचनभट पैशासाठी पोर म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो, तिचं मन कोण विचारतो? बेबीला कुणी बांधत नाहीये. भाऊजी गेल्यावर बाग तिने एकटीने राखली, सात-बारा तिच्या नावावर आहे. तिला हवं ते मिळावं, एवढंच मला वाटतं.

घोर वेगळाच आहे. त्याला मूल हवं असेल तर? कादंबरीत नायकाची आई हे एकदाच विचारते, नायिका हसते, आणि पुढच्या पानावर मंगलाष्टकं. मला लेखिकेचा रागच आला. इतकं गोड लिहिलंस, मग नेमकी इथेच का पळालीस? आणि भाचा १९ चा आहे, तो काय म्हणेल?

म्हणून तुला लिहितेय. तुझे अहो तुझ्याहून पाच वर्षांनी लहान, हे तू मला पत्रिका छापून झाल्यावर सांगितलंस. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, सांगून ठेवते. पण मूल नको हे तुम्ही लग्नाआधीच ठरवलं होतं. ते बोलणं आधी कुणी काढलं? तू की त्यांनी?

तुझी बदली झाली का? गुडघा कसा आहे?

मी बेबीला फोन केला, पुस्तक आवडलं म्हणाले. ती नुसती "बरं" म्हणाली. माझ्यापुढे ती लहानपणापासून अशीच. आखाजीला ती येणार आहे, तूही ये, तुझ्या अहोंनाही आण. तिला बाजूला घेऊन तूच विचार, त्याच्याशी हे बोलली आहेस का म्हणून. तुला ती सांगेल.

तुझीच,
लता