व्यसनोपचाराची पदवी आणि कायद्यातली जागा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अमली पदार्थांच्या बातम्यांत किती किलो माल पकडला हे ठळकपणे येते. मागणी कमी करणारी माणसे कुठे आणि कशी घडतात, हा विषय मात्र कडेलाच राहतो. साम्यवादी राजवटीतून बाहेर पडलेल्या देशांचा अनुभव या बाबतीत फार बोलका आहे.

सोव्हिएत संघात 1970च्या दशकात 'नार्कोलॉजी' (व्यसनांवरील उपचार) ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा झाली खरी, पण सारी सूत्रे डॉक्टर आणि मिलिशिया (म्हणजे तिथले पोलीस) यांच्या हाती होती. दवाखान्याच्या नोंदवहीत एकदा नाव चढले की वाहन चालवण्याचा परवाना आणि नोकरी, दोन्हींवर गदा येई. मग आपण होऊन त्या दवाखान्याची पायरी कोण चढणार? समाजकार्य हा व्यवसाय म्हणून तिथे अस्तित्वातच नव्हता.

चेकोस्लोव्हाकियाकडे निदान मानसोपचारतज्ज्ञ यारोस्लाव स्काला यांचा वारसा होता. त्यांनी प्रागमध्ये 1948 साली मद्यपींसाठी उपचार विभाग आणि 1951 साली नशा उतरेपर्यंत माणसाला देखरेखीखाली ठेवणारे केंद्र सुरू केले. पुढे 1989 नंतर सीमा खुल्या होऊन हेरॉइन आले. औषधांपासून घरच्या घरी बनणारे 'पर्विटिन' (मेथॅम्फेटामिन हे उत्तेजक) तर आधीपासूनच होते. चेक प्रजासत्ताकात प्रागच्या चार्ल्स विद्यापीठाने 2005 साली 'ॲडिक्टॉलॉजी'चा, म्हणजे व्यसनशास्त्राचा, पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्यात औषधशास्त्र आणि मानसोपचाराच्या जोडीला प्रत्यक्ष काम आहे. बोलीत 'काचको' म्हटल्या जाणाऱ्या, नशा करणाऱ्यांसाठीच्या संपर्क केंद्रात कोणी वापरलेल्या सुया घेऊन आला, तर त्या डब्यात टाकून घ्यायच्या, नव्या द्यायच्या आणि तेवढ्या वेळात त्याच्याशी बोलणे सुरू करायचे. हे वर्गात बसून येत नाही. तरीही माझ्या मते पदवीपेक्षा 2008 सालचा कायदा महत्त्वाचा, कारण त्याने ॲडिक्टॉलॉजिस्टला आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता दिली. चेक सहकार्याने हेच शिक्षण जॉर्जिया देशाच्या राजधानीतील, त्बिलिसीच्या इलिया विद्यापीठातही पोहोचले. (आपली कित्येक मराठी मुले वैद्यकीय शिक्षणासाठी त्याच शहरात जातात.)

कायदा आड आला तर प्रशिक्षण निकामी ठरते, हे क्रिमियात दिसले. युक्रेनमध्ये मेथाडोनचे (हेरॉइनसारख्या नशेऐवजी देखरेखीखाली दिल्या जाणाऱ्या पर्यायी औषधाचे) उपचार रीतसर चालू होते. 2014 साली रशियाचा ताबा येताच त्या द्वीपकल्पात सुमारे 800 रुग्णांचे औषध बंद झाले, कारण रशियात मेथाडोनवर बंदी आहे.

मी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. काही दिवसांच्या प्रशिक्षणांची प्रमाणपत्रे माझ्याकडे पुष्कळ आहेत, उपयोगीही पडली. पण नेमणुकीच्या कागदावर आजही 'कंत्राटी कर्मचारी' एवढेच लिहिलेले आहे. आपल्या वृत्तपत्राने त्या 2008च्या चेक तरतुदीवर एखादा सविस्तर लेख द्यावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक समुपदेशक, पुणे