पंचनामा वादळाआधी करा!

प्रति,
मा. मंत्री, मदत व पुनर्वसन,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

चक्रीवादळ येऊन गेले की कोकणात पंचनामे सुरू होतात. तलाठी येतात, फोटो निघतात, किती कौले फुटली, किती पोफळी आडव्या झाल्या ते लिहून घेतले जाते. आमची मागणी साधी आहे. हाच पंचनामा वादळाआधी करा, आणि त्यावर सही घरमालकाची घ्या.

३ जून २०२० च्या दुपारी 'निसर्ग' श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. हवामान विभागाचा इशारा वेळेत होता, प्रशासनाने कोरोनाच्या धास्तीतही माणसे हलवली, आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. जीव वाचले. छपरे मात्र गेली, आणि त्यातली सगळी जाणारच होती असे मला वाटत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. छप्पर उचलले जाते ते बहुधा कडेने, कोपऱ्यातून. एखादे दार किंवा खिडकी फुटली की वारा आत शिरून छताला खालूनही रेटतो. म्हणजे कडेच्या पत्र्यांना जादा हूक, वासे भिंतीला लोखंडी पट्टीने जखडलेले आणि दाराला आतून भक्कम आडणा, एवढ्याने बरीच घरे तगली असती. हे काम मे महिन्यात गावातला सुतार करू शकतो. वादळानंतर तोच सुतार महिनाभर हाताला लागत नाही.

आता भरपाईचा हिशेब पाहा. 'निसर्ग'नंतर शासनाने निकष वाढवले. पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, फळबागेला हेक्टरी ५०,००० रुपये. ऐकायला बरे वाटते. पण आमच्याकडे नारळ-पोफळीच्या वाड्या गुंठ्यांत मोजतात. हेक्टरी पन्नास हजार म्हणजे गुंठ्याला पाचशे, पाच गुंठ्यांच्या वाडीला अडीच हजार. नवा माड लावला तर फळ धरायला सहा-सात वर्षे जातात. ही रक्कम वाढवा असे सांगणारी निवेदने तुमच्याकडे ढिगाने येत असतील, हे पत्र त्यांतले नाही. मदतीची वाट पाहण्याची सवय आम्हाला लागली आहे आणि ती लावण्यात प्रत्येक सरकारचा हातभार आहे. दौरा, घोषणा, धनादेश. वादळाआधी मात्र आमच्याकडून कोणी काही मागतच नाही.

तर मागा. १ मे आणि २ ऑक्टोबर, या दोन दिवशी ग्रामसभा होतातच. अरबी समुद्रातली वादळे प्रामुख्याने मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात, म्हणजे तारखा आयत्या जुळल्या आहेत. शिवाय मे महिन्यात चाकरमानी गावी असतात. किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत या दोन सभांना प्रत्येक घराने एका पानाचा कागद द्यावा. छप्पर कशाचे आहे, कधी बांधून घेतले, घरावर झुकलेला माड आहे का, घरात चालता न येणारे कोण आहे, गुरे किती, आणि हलायची वेळ आली तर कोणाच्या गाडीतून कुठे जायचे. घर बंद असेल तर चावी कोणाकडे आहे.

कोणाच्या गाडीतून कुठे जायचे, हा प्रश्न मुद्दाम लिहिला. कोकणातल्या कितीतरी घरांत आज एकटी म्हातारी माणसे राहतात आणि त्यांची मुले मुंबईहून फोनवर 'आई, तू शाळेतल्या निवाऱ्यात जा' एवढेच सांगू शकतात. आई जात नाही. गोठ्यात गाय असते, घर उघडे टाकायचे नसते. तिला हट्टी म्हणून चालणार नाही. गाईची सोय काय, हे तिला आधी कळले तर ती जाईल. ते ठरवणे मुलाची जबाबदारी आहे, शेजाऱ्याची आहे, आणि निवाऱ्याजवळ गुरांना जागा देणे तुमची.

घरातली तयारी फार खर्चाची नाही. 'निसर्ग'नंतर वीज कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे नव्हती आणि फोनही मुके झाले होते. पंप बंद, म्हणजे विहीर भरलेली असूनही पाणी नाही, कारण रहाट आपण केव्हाच काढून टाकले. कप्पी, दोर आणि पोहरा घरात हवाच. सेलवर चालणारा रेडिओ, औषधे, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला सातबारा. आणि मधेच वारा पडला तर बाहेर न पडण्याची अक्कल, कारण वादळाचा डोळा सरकला की तोच वारा उलट्या बाजूने येतो.

पण वैयक्तिक जबाबदारीलाही मर्यादा आहे. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' चक्रीवादळाच्या वेळी मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा कामगारांच्या मुक्कामाचा तराफा बुडाला आणि अनेक कामगार गेले. इशारा काही दिवस आधीचा होता. त्या कामगारांनी कोणती जबाबदारी घ्यायची होती? तराफा हलवायचा की नाही हे ठरवणे त्यांच्या हातात नव्हते. म्हणून ज्याच्या हुकमाने माणसे समुद्रात राहतात, त्याचीही सही घ्या. मालकाची, ठेकेदाराची. बंदरावर धोक्याचा बावटा लागल्यावर नौका बाहेर राहिली तर जाब ती चालवणाऱ्या तांडेलाला एकट्याला विचारू नका.

ओडिशाचे उदाहरण तुम्हाला नवे नाही. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ च्या 'फायलिन'आधी सुमारे दहा लाख लोक हलवले आणि मृतांचा आकडा काही डझनांवर राहिला. आपले अधिकारी तिथले निवारे पाहून येतात. निवारे बांधणे सोपे, ठेकेदार मिळतो. तिथे नियमाने सराव होतो आणि गावातल्या माणसाला आपले काम माहीत असते, ते आणायला मात्र मेहनत पडते. आपल्याकडे 'आपदा मित्र', म्हणजे आपत्तीत मदत करणारे स्वयंसेवक, प्रशिक्षित झाले आहेत. ते कोण, हे त्यांच्याच वाडीतल्या किती जणांना सांगता येईल?

पैशाचे म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीतला २० टक्के वाटा आपत्तीची झळ आधीच कमी करण्यासाठी ठेवला होता. अशा वाट्यातून कच्च्या छपराच्या घराला पट्ट्या, हूक आणि सुताराची मजुरी द्या, ग्रामपंचायतीला झाडे कापायचे यंत्र द्या. ज्याला परवडते त्याने स्वतःच्या खिशातून करावे, आणि कागद न भरणाऱ्याचे नाव सभेत वाचून दाखवावे. मदत मात्र कोणाचीही अडवू नये. गरिबाला शिक्षा करण्यासाठी हा कागद नाही, हे परिपत्रकात स्पष्ट लिहा, नाहीतर खालचे कारकून त्याचा तोच अर्थ काढतील.

परिपत्रक सप्टेंबर संपण्याआधी निघाले तर २ ऑक्टोबरच्या सभेत पहिले कागद जमा होऊ शकतात. नमुना एका पानाच्या वर जाऊ देऊ नका.

कळावे,
आपला नम्र,
श्रीवर्धन तालुक्यातील एक बागायतदार