यष्टिरक्षकाची निवड केवळ धावांवर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वयोगटांतील संघांच्या निवड चाचण्या पाहताना एक गोष्ट सतत खटकते. यष्टिरक्षक म्हणून नाव दिलेल्या मुलाला नेटमध्ये फलंदाजी मिळते; ग्लोव्हजची परीक्षा मात्र बॅटने उडवून दिलेल्या चार-सहा झेलांवरच उरकली जाते. ऑफस्पिनरला किंवा लेगस्पिनरला यष्ट्यांना चिकटून उभा राहून तो कसा सांभाळतो, हे बहुतेक वेळा कोणी पाहतच नाही.

खानदेशात पुष्कळसे क्रिकेट आजही मॅटिंगवर (खेळपट्टीवर अंथरलेल्या चटईवर) होते आणि तेथे चेंडू वळतो, तसाच उसळतोही. चेंडूचा टप्पा पडण्याआधीच उठणाऱ्या मुलाचे हात वर राहतात आणि मग एखादा खाली राहिलेला चेंडू थेट सीमारेषेकडे जातो. लेग साइडला तर फलंदाजाच्या अंगाआड चेंडू क्षणभर दिसेनासा होतो. तेथे यष्ट्यांवरची बेल उडवणारे हात नेटमधल्या कव्हर ड्राइव्हवरून कसे ओळखणार? जानेवारी 1988 मध्ये मद्रासला वेस्ट इंडिजविरुद्ध लेगस्पिनर नरेंद्र हिरवानी यांनी पदार्पणातच 16 बळी घेतले, हे सर्वांना आठवते. त्याच कसोटीत यष्टिरक्षक किरण मोरे यांनी 6 यष्टिचीत केले, त्यांपैकी 5 एकाच डावात, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

स्कोअरबुकही येथे फसवते. त्यात बाय (यष्टिरक्षकाकडून सुटलेल्या चेंडूवरच्या धावा) लिहिल्या जातात, पण हुकलेला यष्टिचीत लिहायला रकाना नसतो. त्यामुळे फिरकीला मागे सरकून उभा राहणारा मुलगा कागदावर नीटनेटका दिसतो आणि पुढे उभे राहण्याचे धाडस करणाऱ्याच्या नावावर चार बाय जास्त लागतात.

फलंदाजीला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. ऑस्ट्रेलियाचे यष्टिरक्षक ॲडम गिलख्रिस्ट यांनी 47.60 च्या सरासरीने कसोटी धावा केल्यापासून सातव्या क्रमांकावरच्या खेळाडूकडून अपेक्षा वाढल्या, आणि त्या रास्तच आहेत. भारतीय संघानेही परिस्थिती पाहूनच निवड केली आहे: 2019 मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध मायदेशातील फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्ट्यांवर फलंदाजीत सरस ऋषभ पंत यांच्याऐवजी यष्टिरक्षणात सरस वृद्धिमान साहा खेळले, उलट डिसेंबर 2020 मध्ये ॲडलेडला 36 धावांत डाव आटोपल्यावर पुढच्या कसोटीपासून पंत आले आणि ब्रिस्बेनला त्यांनी नाबाद 89 धावा करून सामना जिंकून दिला. वीस षटकांच्या सामन्यात मीही फलंदाजीला झुकते माप देईन, कारण तेथे फिरकीची षटके मोजकीच असतात आणि प्रत्येक धाव महाग असते. दोन दिवसांच्या सामन्यात मात्र सातव्या क्रमांकाच्या मुलाला कधी कधी फलंदाजीच मिळत नाही. यष्टींमागे त्याला संपूर्ण डाव उभे राहावे लागते. त्याने शून्यावर सोडलेला सलामीवीर साठ धावा करून गेला, तर तेवढ्या धावा तो स्वतः बॅटने भरून काढेल, याची खात्री कोण देणार?

म्हणून निवडकर्त्यांना विनंती आहे की, चाचणीत प्रत्येक यष्टिरक्षकाला किमान चार षटके फिरकीसमोर, मॅटवर आणि समोर फलंदाज उभा असताना ठेवावे. त्यांतला काही मारा मुद्दाम लेग साइडला करवावा आणि किती संधी निर्माण झाल्या व किती साधल्या, याची वेगळी नोंद ठेवावी. फलंदाजीचे गुण त्यानंतर मिळवावेत. चाचणी मे महिन्यात असेल, तर ती सकाळी सातला घ्यावी. जळगावच्या दुपारच्या उन्हात कोणाचेही हात चेंडूपर्यंत उशिराच पोहोचतील.

आपला,
एक क्रिकेटप्रेमी वाचक, अमळनेर