सही झाली आहे

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर नोकरीचा विषय काढला की आई "जेवलीस का" विचारते आणि बाबा फोन तिच्या हातात देतात, म्हणून लिहिते. इथं जर्मनीत फ्रायबुर्ग विद्यापीठातली कायमची जागा मी घेतली. सहीसुद्धा झाली. पुण्याच्या नोकरीला "नाही" म्हणून कळवलं. आत्याला मीच सांगेन.

पुण्याहून सांगली जवळ, हे मला कळतं. पण इथं माझ्या संशोधनाला लागणाऱ्या माशांची, सूक्ष्मदर्शकांची सोय तयार आहे. शिवाय "पुण्यात राहून कोण महिन्याला येतंय" हे आईचंच वाक्य. (दादासाठी होतं, पण तेच.)

बाबा, तुम्ही विचारलंत, मेंदूच्या पेशी कशा तयार होतात हेच बघतेस ना, मग माझ्या हाताचं काय? दोष हाताचा नाही, पार्किन्सनचा. मेंदूत खोलवर डोपामिन (हालचालीला लागणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी कमी झाल्यात आणि माणसाचा मेंदू त्या भरून काढत नाही. माझे झेब्रा मासे, अर्ध्या बोटाएवढे, मूळचे आपल्याच गंगेच्या खोऱ्यातले, ते बरंच भरून काढतात. त्यांचा गर्भ पारदर्शक. पेशी दुभंगताना जिवंत दिसते. एक पेशी चेतापेशी व्हायला निघाली की शेजारणींना तसं होण्यापासून अडवते, म्हणून काही मूळ पेशी (स्टेम सेल, ज्यांतून नव्या पेशी बनतात) पुढच्यासाठी शिल्लक राहतात. माशात त्या मोठेपणीही कामाला येतात, आपल्यात फारशा नाहीत. का, एवढंच मी शोधतेय. त्यातून तुमच्यासाठी वेळेत औषध निघेल असं खोटं सांगणार नाही. पण आहेत त्या गोळ्या चांगल्या आहेत, आणि तुमचं दुखणं सावकाश चाललंय, हे डॉक्टरच म्हणाले.

मामाच्या व्हिडिओतल्या स्टेम सेलवाल्याला एक रुपया द्यायचा नाही. क्योटो विद्यापीठानं ७ रुग्णांच्या मेंदूत स्टेम सेलपासून बनवलेल्या पेशी सोडल्या, २०२५ मध्ये ते छापून आलं, खरं आहे. पण ती चाचणी होती. व्हिडिओवाला विकतोय तो इलाज नव्हे.

सही न जुळल्यानं चेक परत आला म्हणून मनाला लावून घेऊ नका. अक्षर बारीक होत जातं ते या आजारानंच. दुरेघी वहीत रोज एक पान मोठ्या अक्षरात लिहा, माझ्या वह्यांवर नाव घालायचात तसं, वेलांटीला शेपूट काढून. प्रयोगशाळेतल्या डब्यांवर मी अजून तश्शीच वेलांटी काढते. जर्मन पोरं बघत बसतात.

आई, गोळी जेवणाआधी अर्धा तास, पाण्याबरोबर. "दुधाबरोबर घ्या, पोटाला बरं" बंद. दुधातली प्रथिनं त्या औषधाच्या आड येतात. बाथरूममध्ये दांडा बसवायला माणूस येईल, त्याला परत पाठवू नकोस. माझी काळजी नको. घर उबदार आहे, तूरडाळ मिळते, भडंग तेवढं संपलं. आणि आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की ४५ ची वाट बघायची नाही, सरळ विश्रामबागला मावशीकडे. फ्रीज दादा बघेल.

डिसेंबरात येतेय. मिरजेच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. जुन्या फायली काढून ठेवा, एमआरआयची सीडीपण. ती शोकेसमध्ये दादाच्या लग्नाच्या सीडीत मिसळलीय.

तुमची,
चिमी